फेरीची सायकल : ऐपतीप्रमाणे घ्या, पण फ्रेम पारखून घ्या

फेरीवाल्याची सायकल हेच त्याचे दुकान. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा वा मानोरा तालुक्यात बांगड्या, कापड, अत्तर घेऊन खेडोपाडी जाणाऱ्या बांधवांनी सायकल घेताना रंग आणि घंटी पाहण्याआधी फ्रेम पाहावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. टायर बदलता येतो. फ्रेम वाटेत मोडली तर माल, दिवसाची कमाई आणि हातपाय, तिन्ही धोक्यात येतात.

ओझ्यासाठी पोलादी फ्रेमच बरी. अॅल्युमिनियम वजनाला हलके, पण ते तडकले तर गावातल्या साध्या वेल्डिंगने भरवशाचे जोडता येत नाही. पोलाद गावातही सांधता येते. मागचे चाक सीटपासून थोडे लांब असावे, म्हणजे पिशव्यांना टाच लागत नाही आणि भरलेली सायकल डगमगत नाही. फ्रेमवर दोन्ही पाय टेकवून उभे राहता आले पाहिजे. २२ इंची की २४ इंची, हे आपल्या उंचीवरून ठरवा.

पैसे कमी असतील तर जुनी सायकल घ्यावी. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तरी तिच्या जुन्या सायकली वापरात दिसतात. हँडलखालचे सांधे आणि चिमटा बोटाने चाचपून पाहा. रंगाला बारीक चीर किंवा फुगवटा असेल तर सौदा सोडा. हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या दोन्ही टोकांवरून दोरा ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे नसेल, तर फ्रेम वाकडी समजा.

मध्यम ऐपत असेल तर नवी, डबल दांडीची साधी काळी सायकल पुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बिल घेताना तो पाहून घ्या. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली क्रोमोली पोलादाची फ्रेम हलकी व मजबूत असते, पण महाग पडते. तिच्यासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. बिनव्याजी भिशीतून रक्कम जमवावी.

जुन्या सायकली विकणाऱ्या दुकानदार बंधूंनाही आमचे सांगणे आहे. सांधलेली फ्रेम असेल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. ऐब लपवून केलेला नफा हलाल नाही, आणि त्या चिमट्यावर कुणाच्या तरी घरची रोटी चालणार आहे.