चुकलेला प्रोग्राम फेकू नका

धारच्या भोजशाळा-कमाल मौला परिसरात दगडावर सर्पबंध कोरलेले आहेत. गुंफलेल्या नागांच्या अंगावर एकात संस्कृतची वर्णमाला, दुसऱ्यात क्रियापदांचे प्रत्यय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी अभ्यासकांचं लक्ष या लेखांकडे वेधलं. सगळा तक्ता एका नजरेत मावावा, अशी ती मांडणी. नवशिक्याची गाडी व्याकरणात अडते, हे परमार राजांच्या काळच्या माळव्याला ठाऊक असावं. संगणकाच्या भाषा शिकवणाऱ्यांनी मात्र ही अडचण फार उशिरा मनावर घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सी भाषेचा पहिला आठवडा आठवा. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली, पुष्कळदा आठव्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण वाक्य संपलेलं नाही हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं. महिरपी कंस मिटवायचा राहिला तर तक्रार थेट फाइलच्या शेवटी उमटते. एका चुकीतून दहा एरर निघतात, त्यांतल्या नऊ खोट्या. आणि हे सगळं ज्याला भाषा आधीच येते अशा माणसासाठी लिहिलेल्या इंग्रजीत! देवासच्या किंवा धारच्या हिंदी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या पोराला तर्क नीट सुचलेला असतो, पण पडद्यावरच्या त्या ओळी वाचून ‘हे आपलं काम नव्हे’ असं वाटू लागतं.

या दुखण्यावर भारतात झालेल्या कामात मराठी आडनावं बरीच दिसतात. आयआयटी कानपूरचे अमेय करकरे मूळचे कंपायलरवाले. मुंबई आयआयटीत अमिताभ सन्याल आणि उदय खेडकर यांच्यासोबत त्यांनी केलेलं संशोधन प्रोग्रामनं घेतलेली कुठली मेमरी पुढे वापरली जाणारच नाही, हे आधी ओळखण्याबद्दलचं; त्यावरचा निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला. पुढे कानपुरात पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या वर्गासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘प्रुटर’ नावाची प्रणाली उभारली. मुलानं ब्राउझरमध्येच प्रोग्राम लिहायचा आणि चालवायचा. मधले सगळे टप्पे आपोआप साठत जातात. उत्तरपत्रिकेत शेवटचं उत्तर तेवढं दिसतं. इथे मूल कुठे अडलं, काय खोडलं, काय पुन्हा लिहिलं, तेही दिसतं. मला या कामाचं खरं मोल यातच वाटतं.

कानपूरच्या या साठ्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढचं काम झालं. राहुल गुप्ता, सोहम पाल, आदित्य कानडे आणि शिरीष शेवडे यांनी 2017 मध्ये ‘डीपफिक्स’ मांडलं. बरोबर प्रोग्राम घ्यायचे, त्यांत मुद्दाम चुका पेरायच्या आणि त्या दुरुस्त करायला न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. नेटवर्क चुकीची ओळ आणि तिची दुरुस्ती सुचवतं. त्यानं एरर घटल्या का, हे कंपायलर सांगतो. घटल्या तर दुरुस्ती ठेवायची आणि पुढच्या चुकीकडे वळायचं. 93 उदाहरणांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या 6,971 चुकीच्या प्रोग्रामांपैकी 27 टक्के या पद्धतीनं पूर्ण दुरुस्त झाले, 19 टक्के अर्धवट. आजच्या चॅटजीपीटीपुढे हे आकडे किरकोळ वाटतील, पण 2017 साली ती मोठी मजल होती.

कंपायलर खूश झाला म्हणून प्रोग्राम बरोबर ठरत नाही, ही गोष्ट वेगळीच. तुलनेच्या == ऐवजी = लिहिलं तरी सी ते मुकाट्यानं चालवून घेते आणि उत्तर चुकतं. शिवाय यंत्रानं चूक परस्पर सुधारून दिली तर विद्यार्थी काय शिकला? कानपूरच्या गटानं 2019 मध्ये ‘टेगसर’मधून दुसरी वाट धरली. त्यात उत्तर मिळत नाही. त्याच जातीची चूक आधी दुसऱ्या कुणी केली होती आणि कशी सुधारली, त्याचं उदाहरण समोर येतं. आपली ओळ आपणच दुरुस्त करायची. माझा कौल या वाटेला.

मुंबईत अभिराम रानडे यांनी निराळी युक्ती केली. त्यांच्या ‘सिम्पलसीपीपी’त मूल आधी पडद्यावरच्या कासवाकडून चित्र काढून घेतं आणि त्या ओघात सी++ शिकतं. इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून शिकलेले, 2013 चे पद्मश्री दीपक फाटक यांनी प्रोग्रामिंगचा पहिला पाठ 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन मंचावरून हजारोंपर्यंत नेला. ही दोन्ही कामं स्वतंत्र लेखाची आहेत.

धार-देवासच्या संगणक शिक्षकांना मात्र एक विनंती. सत्र संपलं की लॅबमधल्या मुलांच्या फाइली पुसल्या जातात. यंदा त्यातल्या चुकलेल्या तेवढ्या, नावं काढून, वेगळ्या ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कंपायलर काय म्हणाला आणि मुलाला ते काय वाटलं, हे हिंदी-मराठीत दोन ओळींत लिहा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी ती वही दाखवा.