नाइटानुई: उंच उडीचा आणि गुडघ्यांचा हिशेब

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये रकमन म्हणजे बहुधा संघातला सगळ्यात उंच गडी. पंच चेंडू वर उडवतो (२०२५पर्यंत मैदानाच्या मध्यभागी तो जमिनीवर आपटून), दोन्ही बाजूंचे रकमन झेपावतात आणि ज्याचा हात वर पोचेल तो आपल्या माणसाकडे चेंडू टोलवतो. मेहनत फार, कौतुक बेताचं. उंच पोरांची अंगं भरायला वेळ लागतो, म्हणून क्लबही त्यांच्याबाबत धीर धरतात. निक नाइटानुईने मात्र कुणाला फार थांबायला लावलं नाही.

मूळ फिजीच्या कुटुंबातला हा मुलगा पर्थच्या मिडवेल भागात वाढला. पुढे एएफएल, म्हणजे या खेळाची मुख्य लीग, गाजवणारे मायकेल वॉल्टर्स आणि क्रिस यारन त्याच्याच गल्लीतले. २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वेस्ट कोस्ट ईगल्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच मोसमात हॉथॉर्नविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये तीन गोल मारून त्याने सामना फिरवला. २०१ सेंटिमीटर उंचीचा माणूस चेंडू टोलवून खाली येतो काय आणि लगेच त्याच चेंडूमागे धावतो काय! सोबतीला डीन कॉक्ससारखा मुरलेला रकमन होता. २०१० मध्ये तळाशी असलेला संघ पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत पोचला. २०१२ मध्ये कॉक्स आणि नाइटानुई दोघेही मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडले गेले.

२०१३ मध्ये नॉर्थ मेलबर्नविरुद्ध ईगल्स चार गुणांनी मागे होते. वेळ संपत आलेली. गर्दीतून उंच झेपावून नाइटानुईने चेंडू पकडला, भोंगा वाजून गेल्यावर किक मारून गोल केला आणि सामना दोन गुणांनी जिंकला.

पण त्याचा खरा प्रभाव अशा चमत्कारांत शोधू नये. रकमनने किती चेंडू टोलवले याचे आकडे बघायची सवय जुनी. नाइटानुईचा टोला पडायचा तो धावत येणाऱ्या मिडफिल्डरच्या हातात. मिडफिल्डर लूक शुईला त्यामुळे चेंडू पळता पळता मिळायचा. सामन्यातला बराच वेळ नाइटानुई बाकावर असे, तरी प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यातून जात नसे.

मग दुखावले गुडघे. ऑगस्ट २०१६ मध्ये एक, जुलै २०१८ मध्ये दुसरा. त्याच वर्षी ईगल्सने कॉलिंगवूडला पाच गुणांनी हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा रकमनचं काम सांभाळलं स्कॉट लायसेट आणि नेथन वार्डी यांनी. नाइटानुईशिवायही संघ जिंकतो, हे सिद्ध झालं. टीकाकारांना तेवढंच हवं होतं.

त्याचं उत्तर तिशीत आलं. २०२० आणि २०२१, सलग दोन वर्षं तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन्ही वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन संघातही आला. पुढे टाचेच्या शिरेने दगा दिला आणि २०२३ मध्ये, २१३ सामन्यांनंतर, तो निवृत्त झाला. विजेतेपदाचं पदक नाही म्हणून त्याची कारकीर्द अपुरी म्हणणाऱ्यांनी आधी त्या दोन मोसमांचे सामने बघावेत.