पाच मिलिमीटर पुरेल का? थंड पाण्यातला सूट आणि संशोधनाचा प्रश्न

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, आणि बर्फासारखं थंड पाणी तर औषधालाही नाही. मग स्कूबा डायव्हिंगला थंड पाण्यात कोणता सूट घालावा, हा विषय इथं कशाला? कारणं दोन आहेत.

पहिलं कारण सरळ आहे. आपल्याकडून एम.एस्सी. करून कुणी समुद्रविज्ञानाकडे, सागरी जीवशास्त्राकडे किंवा पाण्याखालच्या पुरातत्त्वाकडे वळलं, तर हा प्रश्न त्याच्यासमोर येऊ शकतो. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जे अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या स्थानकांचं काम बघतं. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला या वाटा बंद नाहीत.

दुसरं कारण पेटची आणि संशोधन प्रस्तावाची तयारी करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. "योग्य सूट कोणता?" हा संशोधनाचा प्रश्न नाही. पण तो फोडून मोजता येईल असा केला, की त्याचा संशोधनाचा प्रश्न होतो. तो कसा फोडायचा, हेच या लेखात बघू. विषय गमतीचा वाटला तरी चूक महागात पडते. थंड पाण्यात आधी बोटं बधिर होतात, मग विचार मंदावतो. वर येताना झडप हाताळायची असते, हवा किती उरली ते बघायचं असतं, आणि नेमकी तीच कामं अवघड होऊन बसतात.

"थंड" म्हणजे नक्की किती?

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हा अनुभव असेल. हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. थर्मामीटर सोडून बघितलं तर दोन्ही वेळच्या आकड्यात तेवढा फरक नसतो. बदललेली असते ती बाहेरची हवा. म्हणजे "थंड" हा शब्द मोजमाप म्हणून चालत नाही.

दुसरं उदाहरण प्रयोगशाळेतलं. अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग संशोधन विभागानं २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता: पाण्याचं तापमान आणि डीकम्प्रेशनचा आजार यांचा संबंध काय? (खोल पाण्यात रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडला, की हा आजार होतो.) त्यांनी "गरम" पाणी धरलं ३६ अंश सेल्सिअसचं, आणि "थंड" धरलं २७ अंशांचं. आता मालवणच्या समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ साधारण याच २७-२८ अंशांच्या आसपास असतं! आपण ज्याला उबदार समुद्र म्हणतो, ते पाणी त्या प्रयोगात थंड गटात होतं. निष्कर्ष असा निघाला की तळाशी काम करताना गरम आणि वर येताना थंड, हा क्रम सर्वांत धोक्याचा. म्हणजे सूट फक्त आरामासाठी नसतो. तो डुबकीच्या शेवटपर्यंत टिकला पाहिजे, कारण शेवटचा टप्पाच जास्त नाजूक असतो.

उष्णतेचा जमाखर्च

सूट निवडण्याआधी कागदावर एक हिशोब करू. शरीरातून बाहेर जाणारी उष्णता अशी काढतात: शरीराचं क्षेत्रफळ गुणिले त्वचा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक, भागिले सूटचा उष्णतारोध. आणि उष्णतारोध म्हणजे कापडाची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता.

वेटसूट निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा असतो. त्याची वाहकता साधारण ०.०५ वॉट प्रति मीटर प्रति अंश धरू. सूट ५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.००५ मीटरचा. भागाकार केला की रोध येतो ०.१. माणसाचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, त्वचा ३० अंशांवर, पाणी १० अंशांवर. मग बाहेर जाणारी उष्णता: १.८ × २० ÷ ०.१ = ३६० वॉट.

आता जमेची बाजू. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सुमारे १०० वॉट उष्णता तयार करतं. सावकाश पोहणाऱ्याचं ३०० वॉटच्या आसपास. म्हणजे हलत राहिलं तर काही वेळ कसंबसं निभेल. पण एका जागी थांबून नमुने गोळा करायचे असतील, तर जमा १०० आणि खर्च ३६०. फार काळ चालणार नाही.

हाच हिशोब मालवणसाठी करा. पाणी २८ अंश, त्वचा ३२ अंश, सूट ३ मिलिमीटरचा. १.८ × ४ ÷ ०.०६ = १२० वॉट. काम भागतं. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे, फक्त आकडे वेगळे.

पाण्याचा थर ऊब देतो का?

"वेटसूटमध्ये आत शिरलेलं पाणी शरीरानं तापतं आणि तोच थर आपल्याला उबदार ठेवतो" हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. तपासून बघू. पाण्याची वाहकता ०.६ आहे. १ मिलिमीटर पाण्याच्या थराचा रोध येतो ०.००१७. निओप्रीनचा ०.१. म्हणजे पाण्याचा वाटा जवळपास साठाव्या हिश्शाएवढा. ऊब पाणी देत नाही, निओप्रीनमधले वायूचे बंद बुडबुडे देतात.

हे आधी ओळखलं ते बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. ऊब हवी तर अंग कोरडं राहिलंच पाहिजे, असं तोवर मानलं जायचं. ब्रॅडनरनं विचार केला की रोध कापडातल्या बुडबुड्यांत असेल, तर आतून ओलं झालं तरी बिघडत नाही. या एका विचारातून वेटसूट आला.

मग आतलं पाणी महत्त्वाचं नाही का? आहे, पण दुसऱ्या कारणानं. ते जागेवर थांबलं पाहिजे. १० अंशांचं एक लिटर पाणी आत शिरून ३० अंशांपर्यंत तापलं, की शरीराची ८४ किलोज्यूल उष्णता गेली. सैल सूटमध्ये दर मिनिटाला एवढंच पाणी आत-बाहेर होत असेल, तर तो खर्च १,४०० वॉट! जाड पण ढगळ सूटपेक्षा अंगाला नीट बसलेला पातळ सूट बरा ठरू शकतो, तो यामुळे. मान, मनगट, घोटा आणि पाठीची चेन इथून पाणी शिरतं का, हे आधी बघायचं.

खोली वाढली की जाडी घटते

दुकानात लेबलवर ५ मिलिमीटर लिहिलेलं असतं. ते जमिनीवरचं माप. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बारनं वाढतो. २० मीटरवर एकूण दाब ३ बार. बॉइलच्या नियमानं बुडबुड्यांतला वायू एक तृतीयांश होतो. रबर स्वतः दबत नाही, त्यामुळे सूटची जाडी ढोबळपणे निम्म्यावर येते असं धरू. रोध निम्मा, म्हणजे उष्णतेचा खर्च दुप्पट: ३६० चे ७२०.

शिवाय पाणी खाली गार असू शकतं. पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं गार पाणी वर सरकतं, तेव्हा तळाचं तापमान पृष्ठभागापेक्षा कित्येक अंशांनी कमी भरतं. होडीतून हात बुडवून "पाणी छान आहे" म्हणणं म्हणूनच उपयोगाचं नाही. काम जिथं करायचं, त्या खोलीवरचं तापमान लागतं.

ड्रायसूट काय वेगळं करतो?

ड्रायसूटच्या मानेला आणि मनगटांना घट्ट पट्ट्या असतात, त्यामुळे पाणी आत येत नाही. पातळ कापडाचा ड्रायसूट स्वतः जवळपास काहीच ऊब देत नाही. ऊब देतात आतले जाड कपडे आणि त्यात अडकलेली हवा. खाली जाताना डायव्हर झडपेतून सूटमध्ये हवा भरत राहतो, म्हणून खोलीवरही ती जाडी बऱ्यापैकी टिकते. आतल्या कपड्यांचा रोध ०.२५ धरला, तर १० अंशांच्या पाण्यात खर्च १४४ वॉट. तोही २० मीटरवर.

पण फुकट काहीच मिळत नाही. वर येताना ही हवा फुगते, ती वेळेत सोडावी लागते. पायाकडे सरकली तर माणूस उलटा होऊन वर ओढला जातो. ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो घालून उतरू नये. आणि श्वासाच्या मिश्रणात हेलियम असेल तर ते सूटमध्ये भरत नाहीत, कारण हेलियमची वाहकता हवेच्या सुमारे सहापट आहे.

मग निवड कशी?

ढोबळ चौकट अशी. हे तापमान कामाच्या खोलीवरचं समजा:

- २७ अंशांच्या वर: पातळ सूट किंवा २-३ मिलिमीटर.
- २१ ते २७: ३ ते ५ मिलिमीटर.
- १५ ते २१: ५ ते ७ मिलिमीटर, डोक्यावर हूड.
- १० ते १५: ७ मिलिमीटर किंवा सेमी-ड्राय, हूड आणि हातमोजे. वेळ जास्त असेल तर ड्रायसूट.
- १० च्या खाली: ड्रायसूट. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी २ ते ४ अंश असतं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात उणे १.८ पर्यंत. तिथं दुसरा पर्यायच नाही.

चौकटीत तुमचा आकडा सापडला तरी तीन प्रश्न उरतात: किती खोल, किती वेळ, आणि हलत राहणार की थांबून काम करणार? यातल्या एकाचंही उत्तर जड असेल तर एक पायरी खाली उतरा. हातांचा विचार वेगळा करा. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं जमेनाशी होतात, मग अंगावरचा सूट कितीही चांगला असो.

प्रस्तावात हे कसं लिहाल?

"थंड पाण्यासाठी योग्य सूटचा अभ्यास" असं शीर्षक मुलाखतीत टिकणार नाही. त्याऐवजी बघा: "१० अंशांच्या पाण्यात, ३० मिनिटं स्थिर काम करताना, ७ मिलिमीटर वेटसूट आणि ड्रायसूट यांत बोटांच्या तापमानात किती फरक पडतो?" काय बदलणार, काय मोजणार आणि काय स्थिर ठेवणार, हे सगळं यात आलं.

आपल्या मॉडेलच्या मर्यादाही लिहायच्या. वरच्या हिशोबात त्वचा ३० अंशांवर स्थिर धरली. प्रत्यक्षात ती गार होते, त्यामुळे खरा खर्च कमी भरेल. सूटमधली पाण्याची ये-जा आणि उघडा चेहरा धरला नाही, त्यामुळे तो जास्तही भरेल. आकडा नेमका किती चुकेल हे सांगता आलं नाही, तरी कुठल्या बाजूला चुकेल हे सांगता आलं पाहिजे. परीक्षक बहुतेक वेळा तेच विचारतात.

आणि एक प्रयोग, जो तुळजापूर, उमरगा किंवा परंड्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत होईल. तीन सारख्या बाटल्या घ्या, त्यांत ५० अंशांचं पाणी भरा. एक उघडी ठेवा. दुसरीला पॅकिंगचा फोम घट्ट गुंडाळा. तिसरीला तोच फोम सैल, पाणी आत-बाहेर होईल असा. तिन्ही एका मोठ्या बादलीत बुडवा, पाणी हलवत राहा आणि दर दोन मिनिटांनी आतलं तापमान लिहा. फोम तरंगेल, म्हणून बाटलीला दगड बांधावा लागेल. डायव्हर कमरेला शिशाची वजनं का बांधतात, तेही तिथंच कळेल. आलेख काढण्याआधी मात्र तिसऱ्या बाटलीचा तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा: ती पहिलीच्या जवळ जाईल की दुसरीच्या?