जवारी खुलताना

साताऱ्याहून रेल्वेने कराड, किर्लोस्करवाडी, सांगली मागे टाकली की मिरज येतं. जावं ते स्वच्छ उन्हाच्या दिवशी, कारण सतारमेकर गल्लीत ऊनही कामाला लागलेलं असतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे इथे भिजवतात, तोंड कापून गर-बिया काढतात, आत काड्या ताणून घेर वाढवतात आणि पुन्हा वाळवतात. त्यावर मग तबली, गळा, दांडी चढते.

19व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी हे काम मिरजेत रुजवलं. घराणं शिकलगारांचं. संस्थानात गवयांची वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली आणि हत्यारांना धार लावणारा हात लाकडावर फिरू लागला.

मी सगळ्यात जास्त वेळ बसलो तो जवारी लावणाऱ्या एका बुजुर्ग कारागिरासमोर. तंबोऱ्याची घोडी हातात, बारीक कानस, एवढाच पसारा. घोडीची पाठ वरून सपाट दिसते, पण तिला जेमतेम जाणवेल असा उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंपते, म्हणून एका स्वरातून अनेक स्वर उमटतात; हीच जवारी. कारागीर कानशीचे दोन हात मारायचे, बोटाने भुकटी झटकायचे, घोडी बसवून जोडाची तार छेडायचे. "अजून बंद वाजतीय," म्हणत घोडी पुन्हा हातात. मोजपट्टी कुठेच नाही, निवाडा कानाचा. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि षड्ज खोलीभर पसरला. मी तसाच बसून राहिलो.

दुपारी मीरासाहेब दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले. त्यांची कबर याच आवारात आहे आणि दरवर्षी उरुसात इथे गायन-वादन होतं. वाद्यं करणारे आणि गाणारे इतक्या जवळ नांदले, म्हणूनच मिरजेचा तंबोरा असा बोलतो, असं मला ठामपणे वाटतं.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावण्याची सवय जडली आहे, आणि मानांकनाने कारागिराच्या हाताला काम मिळतंच असं नाही. ते गिऱ्हाइकाने द्यायचं असतं.

वाजवून वाजवून घोडीवर तारांचे चरे पडतात आणि आवाज बसतो. घरात आजोबांचा तंबोरा असा मुका पडला असेल तर तो टाकू नका. मिरजेला घेऊन या, जवारी पुन्हा लावता येते.