शिकारी रायफल आणि तिचा कायदेशीर वर्ग

ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ या महिन्यांत आमच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व जांबूत या गांवांच्या शिवारांत बिबट्यानें तीन आठवड्यांच्या सुमारास तीन माणसें मारिलीं. त्यांत दोन कोंवळीं मुलें होतीं. पुढें वनखात्यानें नेमलेल्या नेमबाजांनीं बिबट्यास ठार केलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हांपासून आमच्या केंदूर गांवींही रात्रीं पाणी द्यावयास एकटें जाण्यास कोणी सहसा धजत नाहीं. शिवाय बाजरी हुरड्यास आली कीं रानडुकरांचा त्रास आहेच. त्यामुळें चार माणसें एके ठिकाणीं बसलीं म्हणजे बंदुकीची गोष्ट निघतेच.

अशाच एका बैठकींत आमचे एक शेजारी आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, एक रायफल विकत मिळते आहे. एकदां भरली कीं चाप ओढीत जावयाचें, पुढचें काडतूस आपोआप वर येतें. विकणारा म्हणतो, ही शिकारीची आहे, पलटणीची नव्हे. मग कायद्याची अडचण काय?" कांद्याचे पैसे नुकतेच हातीं आलेले, आणि घरीं लहान नातवंडें, त्यांची उत्सुकता आम्हांस समजली. परंतु महसूल खात्यांत नोकरी करीत असतां कांहीं वर्षें शस्त्र-परवान्यांचें टेबल आमच्याकडे होतें, त्यामुळें हा प्रश्न ऐकतांच आमच्या छातींत धस्स झालें. त्यांस जें सांगितलें तेंच येथें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम हें हत्यार काय आहे तें पाहूं. ठासणीच्या बंदुकींत प्रत्येक बारास दारू व छरे नळीच्या तोंडांतून ठासावे लागतात. दुनळी बंदुकींत दोन काडतुसें बसतात. दोन बार झाले कीं बंदूक मोडून पुन्हां भरावी लागते. बोल्टाच्या रायफलींत काडतुसें पेटींत असतात, पण प्रत्येक बारानंतर बोल्ट हातानें मागेंपुढें करावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफलींत हें हाताचें काम बाराच्याच जोरावर होतें. दारूच्या धुराचा दाब किंवा बंदुकीचा धक्का यांच्या योगानें रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें नळींत जातें. मात्र एका वेळीं चाप ओढल्यास एकच बार होतो. दुसऱ्या बारासाठीं चाप सोडून पुन्हां ओढावा लागतो. चाप दाबून धरला असतां पेटी रिकामी होईपर्यंत जी गोळ्या ओकीत राहते ती पूर्ण स्वयंचलित. या दोहोंतील भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

विकणाऱ्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. अमेरिकेंतील जॉन ब्राउनिंग या कारागिरानें आपोआप भरणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचें पेटंट १९०० सालीं घेतलें आणि १९०२ पासून ती बेल्जममध्यें तयार होऊं लागली. १९०६ मध्यें रेमिंग्टन कंपनीनें त्याच जातीची शिकारी रायफल बाजारांत आणिली. अमेरिकन सैन्यानें आपल्या शिपायांसाठीं अशी रायफल ठरविली ती १९३६ मध्यें. म्हणजे शिकारी लोकांच्या हातीं ती तेथील फौजेच्या आधीं आली. पण आपला कायदा ही वंशावळ विचारीत नाहीं.

१८७८ चा जुना हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. त्याखालीं १९६२ सालीं नियम झाले. त्यांच्या जागीं हल्लीं २०१६ चे नियम लागूं आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचींत हत्यारांचे वर्ग पाडिले आहेत. पहिल्या वर्गांत आरंभीं पूर्ण स्वयंचलित व तत्सम निषिद्ध हत्यारें येतात. त्यांच्या लगेच खालीं अर्धस्वयंचलित हत्यारें व वीस इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुका आहेत. त्यानंतर ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या फौजी काडतुसांवर चालणाऱ्या रायफली येतात. यांत हातानें बोल्ट ओढावयाची रायफलसुद्धां सुटत नाहीं. तिसऱ्या वर्गांत पिस्तुलें व रिव्हॉल्व्हर, इतर साध्या रायफली, २२ बोअरच्या हलक्या रायफली आणि काडतुशी छऱ्याच्या बंदुका आहेत.

यावरून दिसेल कीं कायदा हत्याराला तीन गोष्टी विचारतो: चाप ओढल्यावर काय होतें, नळींत कोणतें काडतूस बसतें, आणि नळी किती लांब आहे. "हें कशासाठीं केलें?" हा चौथा प्रश्न या अनुसूचींत नाहीं. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची रायफल सर्वत्र दिसते त्याचें कारण हेंच. ती गोळी जोरदार मारते, पण बोल्ट हातानें ओढावा लागतो व फौजी काडतूस तींत चालत नाहीं. म्हणून ती तिसऱ्या वर्गांत बसते. उलट नाजूक दिसणारी शिकारी रायफल आपोआप भरत असेल तर ती पहिल्या वर्गांत जाते. तिसऱ्या वर्गाचा परवाना आपल्याकडे ग्रामीण भागांत जिल्हादंडाधिकारी देतात. पहिल्या वर्गाचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे, आणि सामान्य शेतकऱ्यानें त्याची आशा धरूं नये.

येथें २२ बोअरविषयीं एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तींत आमची स्वतःची चूक गुंतलेली आहे. अर्धस्वयंचलित हत्यारांच्या कलमांत जे अपवाद आहेत त्यांत पिस्तुलें येतात, परंतु २२ बोअरची रायफल येत नाहीं. अर्थात् २२ ची रायफल आपोआप भरणारी असली तर ती तिसऱ्या वर्गांत राहत नाहीं. एका कचेरींत आम्ही काम करीत असतां एका बागायतदार गृहस्थांच्या परवान्यावर "२२ बोअर रायफल" एवढेंच लिहिलेलें होतें. दर तीन वर्षांनीं ते नूतनीकरणास येत. आम्ही हत्याराचा नंबर ताडून पाहत असूं व शेऱ्याच्या रकान्यांत "पूर्वीप्रमाणें" असें लिहीत असूं. ती कशी भरते, हें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं. आमच्या आधींच्या कारकुनांनींही विचारलें नव्हतें.

ते गृहस्थ वारले. मुलानें रीतीप्रमाणें रायफल पोलीस ठाण्यांत जमा केली व वारसानें आपल्या नांवें परवाना मागितला. तपासणींत ती आपोआप भरणारी निघाली. झालें! अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरूं लागला. मुलगा दर पंधरवड्यास एस.टी. नें कचेरींत येई. एके दिवशीं आमच्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "भाऊसाहेब, वडिलांपाशीं ती तीस वर्षें होती. माझ्या हातीं येतांच ती गुन्हा कशी झाली?" ती पूर्वीही त्याच वर्गाची होती, आम्हीं पाहिलें नाहीं एवढेंच, असें म्हणावयास आमची जीभ रेटली नाहीं. चार वर्षांनीं त्यास दुनळी बंदुकीचा वेगळा परवाना मिळाला. ती रायफल मात्र घरीं परत गेली नाहीं. नोकरींत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांत "पूर्वीप्रमाणें" हा शब्द आम्हांस अजून टोंचतो.

इतर देशांत या हत्याराविषयीं काय केलें तेंही शेतकरी वाचकांस उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियांत पोर्ट आर्थर येथें एप्रिल १९९६ मध्यें एका माणसानें ३५ जणांस ठार केलें. त्यानंतर तेथील सरकारांनीं बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली लोकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. परंतु दहा काडतुसांपर्यंतची हलकी २२ ची रायफल व पांच काडतुसांपर्यंतची आपोआप भरणारी छऱ्याची बंदूक ही, खरी गरज दाखविल्यास, शेतकऱ्यास ठेवतां येते. न्यूझीलंडमध्यें क्राइस्टचर्चच्या मार्च २०१९ मधील हत्याकांडांत ५१ माणसें गेलीं; तेथेंही अशा रायफली बंद झाल्या, पण २२ च्या हलक्या रायफलींस सूट राहिली. इंग्लंडनें १९८८ मध्यें २२ वगळून बाकी आपोआप भरणाऱ्या रायफली बंद केल्या. म्हणजे जी २२ तिकडे सुटते तीच आपल्याकडे अडकते. परदेशांतील नातलगांचें ऐकून कोणीं येथील कायद्याचा अंदाज बांधूं नये.

आपला कायदा शेतकऱ्यास विसरला आहे असें मात्र नव्हे. अधिनियमाच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणाकरितां ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठीं वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास पीकसंरक्षणासाठीं दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देतां येते. अर्जदाराची मालमत्ता थोडी आहे, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, असेंही पुढील कलमांत म्हटलें आहे. रानडुकरास पिटाळावयास ही वाट पुरेशी आहे.

परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकार बंद आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचींतील प्राणी असून तो माणसांच्या जिवास धोकादायक ठरल्यास त्यास मारण्याची आज्ञा मुख्य वन्यजीव रक्षकच देऊं शकतात. रानडुक्कर हल्लीं दुसऱ्या अनुसूचींत आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन त्याची पारध करतां येते. अंगावर आलेल्या जनावरास जीव वाचविण्यासाठीं मारणें हा गुन्हा नाहीं. मात्र मेलेलें जनावर सरकारची मालमत्ता होतें, तेव्हां तें पुरून टाकूं नये, वनखात्यास कळवावें.

आतां कामाच्या चार गोष्टी सांगून लेख पुरा करतों.

१. घरीं जुनें हत्यार असल्यास परवाना काढून वाचावा. बोअर, नंबर व बनावट यांबरोबर हत्यार कसें भरतें याची नोंद नसेल, तर शंका स्वतः लेखी विचारावी. वारसावर पाळी येईपर्यंत थांबूं नये.

२. परवानाधारक वारल्यास हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यांत अगर परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पावती घ्यावी, व मगच वारसाचा अर्ज करावा.

३. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसास दोनच बंदुका ठेवतां येतात. वारसानें आलेली बंदूकही या हिशेबांत धरली जाते.

४. परवान्यावांचून साधी बंदूक बाळगल्यास दोन ते पांच वर्षें, आणि निषिद्ध हत्यार असल्यास सात ते चौदा वर्षें कारावास आहे. कागद मागाहून करूं, असें म्हणणाऱ्याकडून हत्यार घेणें म्हणजे आपल्या हातांनीं ही शिक्षा घरीं आणणें होय.

आमच्या शेजाऱ्यांनीं तो सौदा सोडला. दुनळी बंदुकीसाठीं त्यांचा अर्ज आम्हींच लिहून दिला व तो हल्लीं चौकशींत आहे. विकणाऱ्यानें तें हत्यार पुढें कोणास दाखविलें तें आम्हांस ठाऊक नाहीं. तें या पंचक्रोशींतील कोणा वाचकाच्या दारीं येण्याचा संभव आहे, म्हणूनच हें लिहिण्याची घाई केली.