गुडघ्याएवढ्यांची जत्रा

एप्रिलमध्ये शाळांना सुट्या लागल्या की बेंगळुरूच्या मोकळ्या मैदानांभोवती पत्रे उभे राहतात आणि आत ‘एक्झिबिशन’ भरतं. आकाशपाळणा, कोलंबस, टोराटोरा, मधे नायट्या आणि स्टीलच्या डब्यांचे स्टॉल, शेवटी खाण्याची रांग. दहा वर्षांच्या मुलांना तिथे नेणं सोपं, त्यांना तिकिटं काढून दिली की झालं. दोन वर्षांच्यांना नेणं हे काम आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. माझी लेक अडीच वर्षांची, भाचा पावणेदोनचा. मी आणि वहिनी, दोघींनी दोन पोरं सांभाळायची.

जत्रेला रंग चढतो साडेसातनंतर, आणि या वयाची मुलं तेव्हा पेंगुळलेली असतात. म्हणून दुपारची झोप झाली, घरचा दहीभात पोटात गेला की पाचला फाटक गाठायचं. त्याआधी नाही. या शहराच्या थंड हवेचं कौतुक अजून होतं, पण एप्रिल 2016मध्ये इथे पारा 39.2 अंशांवर गेला होता, आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. फाटकाबाहेरच दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढायचा. दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहायचा. पायात पट्ट्याचे बूट, कारण चपला पाळण्यातून उडतात. बाबागाडी घरीच ठेवायची. जमिनीवर जनरेटरच्या जाडजूड केबली पसरलेल्या असतात, चाकं जागोजागी अडतात.

आत शिरल्यावर लगेच तिकीट काढायचं नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं. हाताने फिरवायच्या छोट्या चक्रापाशी जायचं आणि उकिडवं बसायचं. तिथून दिसते ती जत्रा वेगळीच असते. आकाशपाळण्याचा माथा दिसतच नाही. दिसतात घोड्यांची पोटं, लोखंडी दांड्याचं वंगण, चक्रवाल्याचे धुळीने माखलेले पाय. भाचा तर घोड्यांकडे पाहतही नव्हता. चक्र थांबलं की मधल्या खांबातून ‘कर्र’ असा आवाज यायचा आणि तो दर वेळी त्या आवाजाची वाट पाहायचा. वहिनी म्हणाली, “अगं, हा बसणार कधी?” मी म्हटलं, “बसू दे त्याला हवं तेव्हा.” पाहणं हा त्याच्यासाठी जत्रेचा मोठा भाग होता, आणि त्यातून त्याला उचलून घोड्यावर ठेवणं मला पटत नाही. लेक मात्र चार-पाच फेऱ्या पाहून झाल्यावर स्वतःच माझं बोट ओढायला लागली.

गोल फिरून मळमळणं हा मोठ्या मुलांचा त्रास, दोन वर्षांखाली तो क्वचितच होतो. या वयाची पोरं रडतात ती आई दिसेनाशी झाली म्हणून. चक्राच्या अर्ध्या फेरीत मूल पाठमोरं असतं. फिरून समोर आल्यावर आई त्याच जागी दिसली की ते निवांत होतं. त्यामुळे सोबत चालत राहायचं नाही, फोटोसाठी जागा बदलायची नाही, एका ठिकाणी खिळून उभं राहायचं. चक्रवाल्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कोणाचा चेहरा वाकडा झाला की तो दांडा झटकन धरत नसे, चक्राबरोबर पावलं टाकत वेग मोडायचा आणि नेमका तोच घोडा आईसमोर आणून थांबवायचा. “रुलाना नहीं है दीदी, बाकी बच्चे भी डर जाते हैं,” तो म्हणाला. या हाताला खरी कमाई मिळायला हवी.

यंत्रावरच्या पाळण्यांत मात्र मी आधी रिकामी सीट पाहते. पुढचा दांडा आणि सीट यांच्यातली फट मोठ्या मुलांच्या मापाची असते, दोन वर्षांचं मूल खालून सरकू शकतं. तशी फट दिसली तर सरळ नाही म्हणायचं. आगगाडीसारख्या संथ पाळण्यात सोबत बसायचं ते बाहेरच्या बाजूला आणि मूल आत. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं, मूल बाहेरच्या बाजूला असेल तर आपलं सगळं वजन त्याच्यावर येतं.

खाण्याच्या रांगेत पहिला मान दिल्ली हप्पळाचा. मुलाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा पापड, दोन्ही हातांनी धरायचा, तोंडात जाताच मऊ होतो. वरची तिखटपूड तेवढी नको, म्हणून ‘खारा बेडा’ असं आधीच सांगायचं. चुरमुरीत शेंगदाणे असतात. शेंगदाणे आणि पॉपकॉर्न घशात अडकतात, चार वर्षांखाली ते देऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा ती आम्हा दोघींची. बॉम्बे मिठाई, म्हणजे आपले बुढ्ढी के बाल, पांढरीच घ्यायची. मार्च 2024मध्ये कर्नाटक सरकारने तिच्यात आणि गोबी मंचुरीत ऱ्होडामाइन-बीसारखे रंग घालायला बंदी केली. मिठाईच्या तपासलेल्या 25 नमुन्यांपैकी 15 असुरक्षित निघाले होते. मुलांना रंगाचं काही नसतं, ती हातावर विरघळते यातच त्यांचा आनंद.

मेमध्ये जायचं तर आभाळावर नजर हवी. वळीव आला की मोटारी ताडपत्रीखाली जातात, पाळणे बंद होतात आणि मैदानाचा चिखल होतो. पाऊस नसला तरी सात वाजता घरी निघायचंच. तिगळरपेटेतला करगा ही या शहराची चैत्र पौर्णिमेची जुनी जत्रा, पण धर्मरायस्वामींच्या देवळातून मिरवणूक निघते मध्यरात्रीनंतर, ती पोरं मोठी झाल्यावर. अगदी पहिल्यांदा नेणाऱ्यांनी कब्बन पार्कच्या बालभवनातल्या पुटाणी एक्स्प्रेसपासून सुरुवात करावी. झाडांच्या सावलीतली ती छोटी आगगाडी या वयाला पुरेशी आहे.

मैदानावर मला एकच गोष्ट असह्य होते, ते भोंगे. त्यांचा कर्कश आवाज थेट मुलांच्या कानांवर येतो. मी चक्रवाल्याला विचारलं तर तो म्हणाला की गाण्यांशिवाय गर्दी जमत नाही. मोठ्यांची गर्दी सातनंतर येते, तेव्हा खुशाल लावा. पाच ते सात भोंगे बंद ठेवा, छोट्या चक्राभोवती बसायला दोन बाक टाका आणि खाण्याच्या रांगेशेजारी हात धुवायला एक नळ द्या. तिकिटाचे दहा-वीस रुपये जास्त घेतलेत तरी आम्ही आनंदाने देऊ.