डब्यांचे रंग बदलले, त्यांत पडणारं तेवढंच राहिलं

सत्तरच्या दशकात नर्सिंग शिकलेल्या सिस्टरांना विचारलं, तर ड्यूटीचा मोठा भाग धुण्या-उकळण्यात जायचा असं त्या सांगतात. काचेच्या सिरिंजा, सुया, किडनी ट्रे उकळायचे. रबरी हातमोजे धुऊन वाळवायचे, भोकं तपासायची, पावडर लावून पुन्हा ड्रममध्ये भरायचे. गॉज कापून घड्या घालायच्या. कचरा कमी निघायचा हे खरं, पण त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. नीट न उकळलेली सुई कावीळही टोचत होती. १९८६ मध्ये देशात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा आढळला आणि तीच सुई पुन्हा वापरण्याचं समर्थन कुणालाच करवेना. डिस्पोजेबल वस्तू आल्या त्या गरजेपोटी. पुढे गरज नव्हती तिथेही त्यांचा सुळसुळाट झाला.

मग या कचऱ्याचं करायचं काय? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कचऱ्याविषयीच्या खटल्यात ५० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांना जाळण्याची भट्टी बसवायला सांगितलं. हेतू चांगलाच होता. पण सलाईनच्या नळ्या, पिशव्या पीव्हीसीच्या. त्या जाळल्या की डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं हवेत जातात. दोनच वर्षांनी, १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळायला बंदी आली.

तेव्हापासून वॉर्डमध्ये रंगीत डब्यांचं राज्य सुरू झालं. २०१६ च्या नियमांनी रंगांची फेररचना केली: पट्ट्या, बोळे, शरीराचे भाग पिवळ्यात, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, काच निळ्यात. लाल पिशवीतलं प्लास्टिक ऑटोक्लेव्ह करून, तुकडे करून पुनर्वापराला जावं, अशी ही रचना. तक्ता प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर लागला. नव्या मुलींना आणि मावशींना तो पाठ करवणं इन्चार्ज सिस्टरांच्या अंगवळणी पडलं. हे शिक्षण कमी महत्त्वाचं नाही. सफाई कामगाराच्या हाताला सुई टोचू नये म्हणून ते हवंच. पण ते सगळं वस्तू टाकून दिल्यानंतरचं. २०१९ मध्ये देशभरातला हा कचरा रोज ६०० टनांहून अधिक होता.

या काळात एक गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पाऱ्याचा थर्मामीटर पडून फुटला की खाटेखाली मणी घरंगळायचे आणि ते गोळा करताना तारांबळ उडायची. त्यासाठी नवा रंग काढावा लागला नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये आपल्या रुग्णालयांना पाऱ्याची उपकरणं हळूहळू बंद करायला सांगितलं, भारताने २०१८ मध्ये मिनामाता कराराला मान्यता दिली, आणि डिजिटल थर्मामीटर आले. खरेदीच बदलली, तशी वॉर्डमधली डोकेदुखी ओसरू लागली.

त्याच २०१८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातल्या नर्सेसनी साधा प्रश्न विचारला: हातमोजे खरंच कुठे लागतात? रक्त, शरीरातले स्राव, काही औषधं हाताळताना लागतातच. ताप पाहायला, मुलाला भरवायला, कोरडी चादर बदलायला नाही. उलट मोजे घातले की हात धुणं राहून जातं, आणि तेच मोजे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात. त्यांनी वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचवलं. खर्चही घटला. मला यातली हिशेबाची बाजू दुय्यम वाटते. नर्सिंगच्या ज्ञानातून निघालेला निर्णय होता, ही गोष्ट मोठी.

मग कोविड आला. भीतीपोटी एकावर एक मोजे चढले आणि पिवळ्या पिशव्या दुहेरी झाल्या. त्या वेळी कुणाला दोष देता येणार नाही, पण लाट ओसरल्यावरही काही सवयी राहिल्या.

या सगळ्याचा धूर कुणाच्या नाकात जातो, हे मुंबईत गोवंडीकरांनी सांगितलं. अनेक रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या देवनारजवळच्या सामायिक भट्टीविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले. शहरातल्या वॉर्डांत नेमकं वर्गीकरण झालं, तरी पिवळी पिशवी शेवटी कुणाच्या तरी वस्तीशेजारीच जळते.

हा धूर कमी करायचा तर सुरुवात खरेदीपासूनच व्हायला हवी. आजही हातमोज्यांच्या खोक्यांची मागणी इन्चार्ज सिस्टर लिहितात, पण कोणता माल, कुठल्या प्लास्टिकचा, किती पदरी वेष्टनातला घ्यायचा, हे निविदेत ठरतं. निविदेच्या अटी लिहिताना वॉर्डमधली सिस्टर क्वचितच टेबलाशी असते.